युद्धात गेलेल्या सैनिकाचे पार्थिव कधीच मिळाले नाही, तर आज शोध कुठून सुरू करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचे मोठे भाऊ मराठा पलटणीत होते, 1944 मध्ये इटलीत मारले गेले, घरी नुसती तार आली. पार्थिव नाही, अस्थी नाहीत. त्यांची समाधी तिकडे कुठे असेल का, आणि ऐंशी वर्षांनी शोधून काही हाती लागेल का?

लागेल. पण समाधीच्या मागे लागू नका. आधी नंबर शोधा.

आमच्या घरातही असाच एक माणूस आहे, म्हणून एवढ्या खात्रीने लिहितो आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. घरात त्यांना सगळे 'पलटणीतले आबा' म्हणत. मी त्यांना पाहिलेले असणे शक्यच नाही, माझ्या वडिलांनाही ते आठवत नाहीत. त्यांच्या बायकोला, आमच्या मोठ्या आयला, मात्र मी चांगला कॉलेजात जाईपर्यंत पाहिले आहे. आमचे गाव रायगड जिल्ह्यात, महाड-माणगावच्या पट्ट्यात. त्या काळी या भागात घरटी एक माणूस पलटणीत नाहीतर मुंबईच्या गिरणीत, असा हिशेब होता.

आधी एक गैरसमज काढून टाकू. तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी गावात येते, तहसीलदार येतात, बंदुकांची सलामी होते, हे चित्र आपल्या डोळ्यासमोर कारगिलपासूनचे आहे, 1999 नंतरचे. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेतल्या कुणाचेच प्रेत घरी पाठवत नव्हते. गोऱ्या अधिकाऱ्याचेही नाही. जिथे पडला तिथेच पुरायचा किंवा जाळायचा, असा नियमच होता. त्यामुळे 'आमच्याच माणसाला तिकडे टाकून दिले' असे जे गावोगाव ऐकू येते ते खरे नाही. माझे चुलते मरेपर्यंत तेच म्हणत राहिले, ती गोष्ट वेगळी.

आता 'मिळाले नाही' याचे दोन अर्थ होतात, आणि तुमचा सगळा शोध त्या दोहोंतल्या फरकावर अवलंबून आहे.

पहिला अर्थ: पार्थिव मिळाले होते, फक्त आपल्याला मिळाले नाही. हिंदू आणि शीख जवानांचे शक्य असेल तिथे दहन करत. अशांना कबर नसते, म्हणून त्यांची नावे दहन-स्मारकावर कोरलेली असतात. इटलीत आद्रियाटिक समुद्राच्या बाजूला सांग्रो नदीजवळच्या लष्करी दफनभूमीत असे एक स्मारक आहे, त्यावर पाचशेहून जास्त हिंदुस्थानी जवानांची नावे आहेत. उत्तरेला फोर्ली इथे दुसरे आहे. तुमच्या आजोबांचे भाऊ तिथे निघाले, तर त्यांना अग्नी मिळाला होता असे समजा. माझ्या मते घरच्या म्हाताऱ्या माणसांना सांगायची सगळ्यात मोठी बातमी तीच आहे.

दुसरा अर्थ: खरोखरच मिळाले नाही, किंवा मिळाले पण ओळख पटली नाही. तोफगोळा, सुरुंग, नदीचे पाणी. घाईघाईत खड्डा करून वर काठी रोवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर पुन्हा लढाई झाली, असेही होई. अशांची नावे मोंते कासिनोच्या पायथ्याशी, कासिनोच्या दफनभूमीतल्या स्मारकावर आहेत. हिरव्या संगमरवराचे उंच खांब, मध्ये पाण्याचा हौद, आणि खांबांवर चार हजारांहून अधिक नावे. इटलीच्या मोहिमेत पडलेले आणि कबर ठाऊक नसलेले हे लोक. आमचे आबा तिथे आहेत.

आणि तिथेच नाईक यशवंत घाडगे आहेत. हे नाव तुम्ही ऐकले असेल, नसेल तर ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचे सगळ्यात ठळक उदाहरण तेच आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. वय बावीस. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत. 10 जुलै 1944 रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला केला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या सेक्शनमधले सगळे एकतर मेले किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. मागे कुणी उरलेले नाही हे माहीत असून ते टॉमीगन चालवत पुढे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, एकाला गोळी घातली. मॅगझिन संपले, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या त्याच मोर्चात ते गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता बघा. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात शेवटच्या क्षणापर्यंतची हकीकत आहे. कुठे पडले, गोळी कुठे लागली, हातात काय होते, सगळे लिहिलेले. मोर्चा आपल्याच लोकांच्या ताब्यात आलेला. आणि तरीही या माणसाला ठाऊक असलेली कबर नाही, नाव कासिनोच्या खांबावर आहे. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्याच्या शौर्याचा कागद साऱ्या जगाने वाचला त्याची ही गत, तर आपले आबा साधे शिपाई. त्यांची कबर सापडत नाही म्हणून कुणावर राग धरण्यात अर्थ नाही, हे मला त्या दिवशी पटले.

माणगावला तहसील कचेरीपाशी घाडग्यांचा पुतळा आहे. आम्ही सातबारा काढायला जायचो तेव्हा त्याच्या सावलीत बसून डबा खाल्लेला आहे, पुतळा कुणाचा हे न विचारता. तिकडे इटलीत मोंतोने नावाचे डोंगरावरचे छोटे गाव आहे, पेरूजा प्रांतात. तिथल्या लोकांनी 2023 च्या जुलैमध्ये घाडग्यांच्या नावाने स्मारक उभारले, आणि तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ 'आपण सारे एकाच सूर्याखाली' असा आहे. इटलीच्या मोहिमेत सुमारे 50,000 हिंदुस्थानी जवान होते आणि तिथे दिल्या गेलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 त्यांच्याकडे आले. आमच्या शाळेच्या पुस्तकात यातले अक्षरही नव्हते.

असो, शोधाकडे वळतो.

सुरुवात घरातल्या ट्रंकेपासून करा. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: लष्करी नंबर, पलटणीचे नाव, आणि मृत्यूची तारीख. यातली पहिली मिळाली तर बाकीच्या दोन आपोआप मिळतात. नंबर कुठे मिळतो? पेन्शनच्या पुस्तकात, मनिऑर्डरच्या पावतीवर, रेकॉर्ड ऑफिसच्या जुन्या पत्रावर. आणि बिल्ल्यावर. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या शिपायांना मिळालेली पदके कोरी असत, पण हिंदुस्थानी फौजेतल्या लोकांच्या पदकांवर नंबर आणि नाव ठोकलेले असे. गोल पदकाच्या कडेवर, चांदणीच्या पाठीवर.

आमच्याकडे तशी एक चांदणी होती. सहा टोकांची, पितळी रंगाची, इटलीच्या मोहिमेची. आणि एक गोल 'वॉर मेडल', एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला अजगरासारख्या प्राण्यावर उभा राहिलेला सिंह. मोठ्या आयने ती दोन्ही देव्हाऱ्यात, देवांच्या टाकांशेजारी ठेवली होती. दर दसऱ्याला टाक घासायचे त्याच चिंचेने आणि रांगोळीने ती बिल्लेही घासायची. चाळीस वर्षे घासली. चांदणीची पाठ आरशासारखी गुळगुळीत झाली होती, एक अक्षर शिल्लक नव्हते. गोल बिल्ल्याच्या कडेवर मात्र काहीतरी हाताला लागत होते. भिंग लावून दिसेना. शेवटी माझ्या मुलीने वहीच्या कागदाची बारीक पट्टी कापली, बिल्ल्याच्या कडेभोवती गुंडाळली आणि वरून शिसपेन्सिल आडवी फिरवली. पाच आकड्यांतले चार उमटले. चौथ्या जागी पोकळी. म्हणजे दहाच शक्यता. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही एकेक आकडा घालून बघत बसलो आणि सातव्या खेपेला आबा सापडले.

कुठे बघत बसलो? कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर. ही संस्था 1917 ची, दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे 17 लाख मृतांची नोंद तिच्याकडे आहे आणि शोध फुकट आहे. नंबर मिळाला तर थेट नंबर टाका. नसेल तर नावाने शोधा, पण मग धीर धरा, कारण नावे लिहिणारा इंग्रजीत लिहीत होता आणि सांगणारा आपल्या बोलीत सांगत होता. पवार हे पोवार, पुआर असे कसेही असू शकते. जाधवाचा जादव किंवा जाधाव. कधी आडनावच नाही, नुसते 'बाबू' नाहीतर 'धोंडी'. त्यापेक्षा गावाच्या नावाने डोळा फिरवणे जास्त उपयोगी पडते. अनेक नोंदींत 'अमक्याचा मुलगा, तमकीचा नवरा, राहणार अमुक गाव' असे खाली दिलेले असते. फक्त जिल्हा तेव्हाचा घ्या. रायगड 1981 पर्यंत कुलाबा होता. सिंधुदुर्ग नव्हताच, ते सगळे रत्नागिरी. आणि सांगलीकडचे बरेचसे लोक साताऱ्याखाली सापडतील.

रेजिमेंटचे नाव तेव्हा '5वी मराठा लाइट इन्फंट्री' असे होते आणि इंग्रजीत मराठा शब्दात एक जादा एच घालत. जुन्या कागदावर 3/5 असे दिसले तर तो अपूर्णांक नाही आणि तारीखही नाही. पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या चुलत्यांनी ती तारीख समजून बरीच वर्षे 3 मे ला आबांचे पान वाढले.

पुण्याजवळ असाल तर खडकीची युद्धस्मशानभूमी बघायला जरूर जा, सुंदर राखली आहे, पण इटलीत पडलेला माणूस तिथे शोधू नका. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, तिथल्या अभिलेख कार्यालयाला नंबरासह पत्र लिहिता येते. नंबराशिवाय लिहू नका. मी लिहिले होते. एका कार्यालयातून (कुठले ते राहू द्या) अकरा महिन्यांनी उत्तर आले, त्यात माझाच अर्ज मला परत पाठवला होता आणि वर 'तपशील अपुरा' असा शिक्का. तेव्हा चिडलो होतो. आता वाटते, बिचाऱ्यांचे काय चुकले? एकाच नावाचे डझनभर शिपाई असणार.

पलटणीची त्या दिवसाची हकीकत हवी असेल तर लंडनच्या क्यू भागात नॅशनल आर्काइव्ह्ज आहे, तिथे वॉर डायऱ्या आहेत. पण एक सांगून ठेवतो, त्यात अधिकाऱ्यांची नावे असतात आणि जवानांचे बहुधा फक्त आकडे. इतके ठार, तितके जखमी. आपला माणूस त्या 'इतके'मध्ये असतो.

हे वाचणाऱ्या आणखी कुणाचे पणजोबा पहिल्या महायुद्धात इराककडे, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात गेले असतील, तर त्यांच्यासाठी थोडे कडू लिहावे लागते. मराठ्यांच्या कितीतरी पलटणी तिकडे होत्या, तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात तर उपासमारीने हाल झाले. कबर नसलेल्यांसाठी बसऱ्याला जे स्मारक बांधले त्यावर 40,000 हून अधिक लोकांची नोंद आहे. पण हिंदुस्थानी फौजेतल्या फक्त अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या शिपायांची कोरली नाहीत. रेजिमेंटचे नाव आणि पुढे किती मेले तो आकडा. कमिशनने 2021 मध्ये स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला. कबूल केला हे चांगलेच झाले, पण शंभर वर्षे लागली. नावे कागदोपत्री मात्र मिळतात, तेव्हा शोध सोडू नका. फ्रान्समध्ये पडले असतील तर न्यूव्ह-शापेलचे स्मारक, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात असतील तर रंगूनजवळ तौक्यान, सिंगापूरला क्रांजी. बोटीवरचे खलाशी असतील तर मुंबईतच मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये बघा, समुद्र हीच ज्यांची कबर अशा पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचे स्मारक तिथे आहे. आणि 1971 चे असेल तर दीवला जा. 9 डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाची युद्धनौका 'खुकरी' बुडाली, तिच्यासोबत कॅप्टन मुल्लांसह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले.

पार्थिव आता तरी सापडेल का, असेही तुम्ही विचारले आहे. इटलीत आशा धरू नका. बर्फाची गोष्ट निराळी. सियाचिनमध्ये 1984 च्या मे महिन्यात हिमकड्याखाली गेलेले लान्स नाईक चंद्रशेखर हरबोला 38 वर्षांनी, 2022 च्या ऑगस्टमध्ये सापडले आणि त्यांच्या बायकोच्या हयातीत गावी आणले गेले. ओळख कशी पटली? धातूच्या चकतीवरच्या नंबराने. म्हणून म्हणतो, नंबर.

धार्मिक बाजूचे तुम्ही विचारलेले नाही, पण घरात तो विषय निघणारच, कारण आमच्याकडे निघाला होता. आमच्याकडे पहिली तार 'बेपत्ता' अशी आली होती. शाळेच्या गुरुजींनी ती वाचली. नंतर 'बेपत्ता, बहुधा ठार'. शेवटी 'ठार'. तीन तारा, तीन शब्द, मध्ये सात-आठ महिने गेले. मोठी आय पहिल्या तारेवर अडून बसली. पेन्शनचा कागद आला तर अंगठा देईना. तिचे म्हणणे वडिलांनी मला कितीदा सांगितले आहे: "माणूस आला नाय, हाड आलं नाय, आणि अंगठा कशाचा मागताय?" अंगठा दिला म्हणजे तो मेला हे तिने कबूल केले, असा तो व्यवहार होता. मनिऑर्डर दोनदा परत गेली. घरात दोन वेळची मारामार असताना परत गेली. कुंकू आणि काळी पोतही तशीच.

तिसऱ्या वर्षी भटजींनी पालाशविधी सांगितला. प्रेत नसेल तर पळसाचे 360 देठ आणि दर्भ यांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला रीतसर अग्नी द्यायचा. नदीकाठी केला. वडील तेव्हा पाच वर्षांचे, त्यांना फक्त नारळ फुटल्याचा आवाज आठवतो. तो विधी झाला, त्यानंतरच्या महिन्यात मोठ्या आयने अंगठा दिला.

श्राद्धाची तिथी ठाऊक नसेल तर भाद्रपद वद्य चतुर्दशी धरा. पंचांगात त्या दिवशी 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असे छापलेले असते, शस्त्राने गेलेल्यांसाठीच तो दिवस आहे. कमिशनच्या नोंदीत तारीख मिळाली की पंचांगावरून तिथी काढून घेता येते. आम्हाला आबांची तारीख कळली ती सप्टेंबरची निघाली आणि चुलत्यांचा 3 मे बंद झाला.

गेल्या वर्षी माझा भाचा, जो जहाजावर आहे, नेपल्सला उतरला तेव्हा रेल्वेने कासिनोला जाऊन आला. खांबापाशी उभा राहून त्याने व्हिडिओ कॉल केला. वारा इतका, की त्याचे काही ऐकू येईना. कॅमेरा नावावर स्थिर केला. वडिलांनी चष्मा पुसला, मोबाइल नाकाला लावला आणि म्हणाले, "आडनाव चुकलंय." खरेच चुकले आहे, एक अक्षर जास्त आहे. कमिशन पुरावा दिल्यास दुरुस्ती करते. पण पुरावा काढायला गेलो तर पेन्शनच्या पुस्तकातही तेच चुकीचे आडनाव. वडील म्हणाले, राहू दे, त्याच नावानं पेन्शन आली.

तुम्ही ट्रंक उघडाल तेव्हा काय काय निघते ते इथे टिप्पणीत लिहा, नंबराचे चार आकडे जरी मिळाले तरी पुढचे मी बघून देतो. आणि बिल्ला सापडला तर आधी पेन्सिलीने छाप घ्या. घरात कुणालाही तो चिंचेने घासू देऊ नका.